रेल्वेच्या जुन्या वाटेवरचं पिवळं रानफूल: नाव काय? (मध्य इलिनॉय, अमेरिका)

माळावरची

नमस्कार मंडळी. आमच्या गावाबाहेरून पूर्वी एक रेल्वे जायची. रूळ काढून तिथे आता सायकलींसाठी रस्ता केलाय. दोन्हीकडे मका आणि सोयाबीन, आणि रस्त्याला लागून गवताची एक अरुंद पट्टी. ती कधी नांगराखाली गेलेलीच नाही, असं इथले जुने लोक सांगतात. त्या पट्टीत जुलैच्या अखेरीपासून एक पिवळं फूल आलंय आणि ऑगस्ट संपत आला तरी बहर ओसरलेला नाही.

फोटो चिकटवलेत, पण वारं होतं आणि फोन जुना आहे, म्हणून लिहूनही सांगते. झाड गुडघ्याएवढं, कुठे कुठे मांडीपर्यंत. खोड बारीक, बुडाशी तांबूस. पान चिंचेच्या पाल्यासारखं, बारीक पानांच्या दहा-बारा जोड्या. फूल इंचभर किंवा थोडं मोठं, पाकळ्या पाच, पण सगळ्या सारख्या नाहीत. एक पाकळी आत वळलेली असते. पाकळ्यांच्या बुडाशी लाल ठिपके. फुलं झाडाच्या टोकाला नाहीत, पानांच्या बगलेतून दोन-तीन अशी येतात. सकाळी टवटवीत, संध्याकाळी बघावं तर कोमेजलेली, आणि पानंही मिटलेली. हिरव्या चपट्या शेंगा धरायला लागल्यात.

आई सध्या इथे आली आहे. तिने लांबूनच निकाल दिला, "अगं, हा टाकळा." फोनवरचं अॅप एका फोटोला वाइल्ड सेन्ना म्हणतं आणि दुसऱ्याला सेन्सिटिव्ह प्लांट. मला नाव तर हवंच आहे. शिवाय हे इथलं मूळचं आहे की कुठून आलेलं तण, आणि दरवर्षी नव्याने उगवतं की त्याच मुळातून फुटतं, हेही कळलं तर बरं. घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे लावावं असं मनात आहे.

उंटावरचा_शहाणा

बर्ड्स-फूट ट्रेफॉइल. हायवेच्या कडेला पिवळं दिसतं ते सगळं तेच असतं.

गवत्या

उंटावरून शेळ्या हाकू नका हो. ट्रेफॉइलला पर्णिका (एका पानातली बारीक पानं) तीन दिसतात, नीट मोजल्या तर पाच. फूल वाटाण्याच्या घडणीचं. ते युरोपातून आणून इथे पसरवलेलं, आणि बहुवर्षायू. बाईंनी दहा-बारा जोड्या लिहिल्यात ते तरी वाचायचं.

माळावरची, तुमचं हे पार्ट्रिज पी. शास्त्रीय नाव कॅमेक्रिस्टा फॅसिक्युलेटा. जुन्या पुस्तकांत शोधाल तर कॅसिया फॅसिक्युलेटा या नावाखाली सापडेल. माझी पंधरा आणे खात्री आहे. उरलेल्या एका आण्यासाठी तुम्हाला परत जावं लागेल, सकाळच्या वेळी, जमल्यास भिंग घेऊन.

गेल्यावर फुलाकडे लगेच बघू नका. पिवळ्या फुलांना इथे ऑगस्टमध्ये तोटा नाही. लोक फुलाचा छान फोटो काढतात आणि ओळख पटवणारी खूण नेमकी फोटोच्या बाहेर राहते. तुमच्याही फोटोंत तेच झालंय. पान उलगडून त्याचा देठ बघा. सर्वांत खालच्या पर्णिकांच्या जोडीच्या जरा खाली, देठाच्या वरच्या अंगाला एक बारीकशी खोलगट वाटी असेल, लालसर तपकिरी, टाचणीच्या डोक्याएवढी. ती मधाची ग्रंथी. फुलात मध नाही, मध आहे देठावर. तिथे मुंगी दिसली तर हुडकायचं कामही वाचलं.

त्यानंतर फूल. पुंकेसर मोजा. दहा भरायला हवेत, काही पिवळे आणि काही गडद तांबडे. अॅप ज्याला सेन्सिटिव्ह प्लांट म्हणतंय ते याचंच धाकटं भावंड, कॅमेक्रिस्टा निक्टिटान्स. त्याचं फूल जेमतेम अर्ध्या इंचाचं, पुंकेसर बहुधा पाच, आणि फुलाचा देठ इतका आखूड की फूल खोडाला चिकटल्यासारखं दिसतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत फूल चांगलं देठावर लोंबतंय, आणि बाजूला तुमचं बोट आलंय त्यावरून मापही कळतं. (बोट फोटोत येऊ द्यायचं, फार उपयोगी पडतं.) शिवाय निक्टिटान्स आपल्या राज्यात मुख्यतः दक्षिणेकडे.

वाइल्ड सेन्नाचं म्हणाल तर ते बहुवर्षायू. डोक्याएवढं वाढतं, पर्णिका इंच-दीड इंच लांब, आणि फुलं शेंड्याकडे घोसांत. गुडघ्याएवढ्या झाडावर चिंचेचा पाला असेल तर तो सेन्ना नव्हे.

आईंना सांगा की त्यांची नजर चांगली आहे. टाकळा (आमच्या विदर्भात तरोटा) याच्या अगदी जवळच्या नात्यातला, आधी सगळे कॅसियातच होते. पण टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीनच जोड्या, टोकाकडे रुंद, आणि शेंग बारीक, लांब, बाकदार. पार्ट्रिज पीची शेंग चपटी, दोन-अडीच इंचांची.

हे मूळचं इथलंच. मॅसॅच्युसेट्सपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला मिनेसोटा ते टेक्सास एवढा पसारा आहे. आणि वर्षायू. याची खात्री उपटून करू नका. झाडाच्या बुडाशी गेल्या वर्षीच्या वाळलेल्या काड्यांचे खुंट आहेत का ते बघा. बहुवर्षायू झाडाच्या बुडाशी ते असतात, जुनं झाड असेल तर झुबकाच असतो. याचं एकच बारीक खोड सरळ मातीतून वर आलेलं दिसेल.

कॅन्ससकर

गवत्याभाऊंशी सहमत. मी कॅन्ससमध्ये फ्लिंट हिल्सच्या बाजूला राहतो, इथेही रस्त्याच्या कडेला भरपूर आहे.

माळावरची, सकाळी जाणारच असाल तर दोन गोष्टी बघून या. एक म्हणजे आवाज. या फुलाचे परागकोश उभे फाटत नाहीत, टोकाला बारीक भोक पडतं. पराग बाहेर काढायचा तर कोणीतरी ते हलवायला लागतं. बंबलबी (मोठी, केसाळ रानमाशी) फुलाला धरून बसते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग झडतो. तेव्हा गुणगुण एकदम चढ्या पट्टीत जाते, ती कानाने कळते. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलांतही हाच प्रकार. मधमाशीला मात्र हे येत नाही. ती फार तर सांडलेला पराग गोळा करते.

दुसरी गोष्ट, चार-पाच फुलं समोरून बघा. मधला बाकदार धागा म्हणजे कुक्षीवृंत. काही फुलांत तो डावीकडे झुकलेला असेल, काहींत उजवीकडे, आणि आत वळलेली ती पाकळी बरोब्बर विरुद्ध बाजूला. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं मिळतात, आरशातल्या प्रतिमा असल्यासारखी. डाव्या फुलात माशीच्या ज्या अंगाला पराग लागतो, ते अंग उजव्या फुलाच्या कुक्षीला, म्हणजे त्या धाग्याच्या टोकाला, टेकतं. एका फुलाचा पराग दुसऱ्यात जायला याने मदत होते असं मानतात. पण दोन्ही प्रकार एकाच झाडावर असल्यामुळे पराग त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलातही पडू शकतोच, त्यामुळे ही युक्ती किती फळते यावर मी तरी पैज लावणार नाही.

खवय्या_नं१

टाकळ्याच्या नात्यातलं आहे तर कोवळ्या पाल्याची भाजी होईल का? आईंना विचारा ना!

गवत्या

नाही. आणि आईंना विचारू नका, त्या करून बघतील. या गटातल्या बऱ्याच झाडांत रेचक द्रव्यं असतात. सोनामुखी कशासाठी घेतात ते ठाऊक असेलच. पार्ट्रिज पी जास्त खाण्यात आलं तर गुरांनाही बाधतं. शिवाय सायकलच्या रस्त्याच्या कडेला, मक्याच्या शेतालगत उगवलेलं काहीही खाऊ नये. तिथे काय फवारलंय ते आपल्याला कोण सांगणार?

माळावरची

जाऊन आले! आईही आली होती, वाकून वाकून तिनेच जास्त बघितलं.

देठावरची वाटी आहे. एकदा दिसल्यावर प्रत्येक पानावर दिसायला लागली, आणि दोन-तीन झाडांवर मुंग्या अगदी तोंड लावून बसलेल्या. पुंकेसर दहा, चार पिवळे आणि सहा तांबडे. बंबलबीचा चढा आवाज ऐकला. डावी-उजवी फुलं एकाच फांदीवर शेजारी-शेजारी मिळाली, त्याचा फोटो जोडलाय. बुडाशी जुने खुंट कुठेच नाहीत.

आता नवा पेच. त्याच पट्टीला एके ठिकाणी पाण्याचा चर आडवा जातो. त्याच्या काठावर एक उंच झाड आहे, माझ्या डोक्याच्याही वर. फुलं पिवळीच पण घोसात, पर्णिका मोठ्या, आणि बुडाशी काड्यांचा झुबका. अॅपला दिलेल्या फोटोंपैकी एकात मागे तेच होतं. म्हणजे अॅपने पुढचं सोडून मागचं झाड ओळखलं की काय?

आणखी एक. काही झाडांवर हिरव्या अळ्या होत्या, पण एका झाडावर चक्क पिवळी अळी होती, फुलातच बसलेली. ती वेगळ्या जातीची का?

गवत्या

झालं, सोळा आणे.

चराकाठचं झाड मात्र सेन्नाच दिसतंय. इलिनॉयमध्ये दोन जाती मिळतात, सेन्ना मेरिलँडिका आणि सेन्ना हेबेकार्पा. फुलावरून निवाडा करायच्या फंदात पडू नका, शेंगा पूर्ण भरू द्या आणि त्यांचे जवळून फोटो टाका. शेंगेवर बियांमुळे पडलेले कप्पे दिसतात. कप्पा लांबीला आखूड आणि रुंदीला जास्त असेल तर बहुधा मेरिलँडिका.

तुमची पट्टी बरी आहे बरं का. रेल्वेच्या कडेची म्हटल्यावर मला अंदाज होताच. इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरान, होती. १८३७ मध्ये जॉन डिअरने याच राज्यात, ग्रँड डेटूरला, पोलादी फाळाचा नांगर केला. त्या आधी ही चिकट काळी माती लोखंडी फाळाला नुसती लपेटून बसायची. पुढे काय झालं ते तुमच्या दोन्ही बाजूंना उभं आहे, मका आणि सोयाबीन. १९७०च्या दशकात राज्याने उरलेल्या नैसर्गिक जागांची पाहणी केली, तेव्हा चांगल्या अवस्थेतली प्रेअरी अडीच हजार एकरांच्या आतच भरली. तीही बरीचशी जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या हद्दीत, कारण तिथे नांगर घालायची कोणाची टाप नव्हती.

पण फक्त पार्ट्रिज पी दिसलं म्हणून जुनी प्रेअरी, असा हिशेब करू नका. उलट आहे. चांगल्या प्रेअरीत वर्षायू झाडं थोडीच असतात. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास ही गवतं आणि बाकीची बहुवर्षायू मंडळी जमीन मुळांनी गच्च भरून टाकतात, दरवर्षी बियांतून सुरुवात करणाऱ्याला जागाच मिळत नाही. वर्षायूला उघडी माती लागते. पूर्वी ती बायसनच्या लोळणीत मिळायची, गोफर या बिळं करणाऱ्या प्राण्याने उकरलेल्या ढिगांवर मिळायची, आगीनंतर मिळायची. आता मिळते रस्त्याच्या कडेला आणि रेल्वेच्या खडीत. मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जीवाणू असतात, त्यामुळे निकस वाळूतही हे झाड तग धरतं. त्या पट्टीत गवतं कोणती आहेत ते बघा, पट्टीचं वय फुलापेक्षा ती जास्त सांगतील.

आणि फुलं शोधताना पांढरी किंवा पिवळी, तीन पर्णिकांची, उंच, गोडसर वासाची झुडपं दिसली तर ती स्वीट क्लोव्हर. बाहेरून आलेली. माझे उन्हाळ्यातले अर्धे शनिवार ती उपटण्यात जातात, म्हणून विषय निघाल्याशिवायही सांगतो.

कॅन्ससकर

अळी बहुतेक एकाच जातीची. क्लाउडलेस सल्फर नावाचं मोठं लिंबूपिवळं फुलपाखरू आहे, फीबिस सेन्नी. त्याची अळी पानं खात असेल तर हिरवी असते आणि फुलं खात असेल तर पिवळी होते. लिटल यलो म्हणून छोटं पिवळं फुलपाखरूही याच झाडावर अंडी घालतं, पण त्याची अळी हिरवीच. ही दोन्ही फुलपाखरं इलिनॉयचा हिवाळा काढू शकत नाहीत, दरवर्षी दक्षिणेकडून नव्याने येतात. नातं आपल्याकडेही तसंच आहे. टाकळा, बहावा यांच्यावर कॅटॉप्सिलिया आणि युरेमा ही पिवळी फुलपाखरं असतात, ती याच कुळातली.

देठावरच्या मुंग्यांचं कामही इथेच. मध खायला येतात आणि अळ्या, अंडी दिसली तर हुसकावतात किंवा उचलून नेतात. झाडाला याचा फायदा होतो, पण सगळीकडे सारखा नाही. मुंग्या कोणत्या जातीच्या आणि अळ्या किती, यावर ठरतं. तुमच्या झाडावर मुंग्या असून अळ्याही आहेत, म्हणजे पहारा काही फार कडक दिसत नाही.

माळावरची

आईला पिवळ्या अळीची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "खाईल तसं अंग." विषय संपला.

आता बियांचं सांगा. शेंगा कधी काढायच्या? आणि विकत मिळणारं बी घेतलं तर चालेल का?

गवत्या

आधी परवानगी. हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा, काउंटी असेल, पार्क डिस्ट्रिक्ट असेल किंवा राज्य. रानफूल आहे, कोणाला काय फरक पडतो, असं मनात आणू नका. त्यातला काही भाग नेचर प्रिझर्व्ह निघाला तर परवाना घेतल्याशिवाय एक शेंगही तोडता येत नाही.

परवानगी मिळाली तर शेंगा तपकिरी होऊ लागल्या की रोज नजर ठेवा. पुरती वाळलेली शेंग फट्‌कन उकलते, दोन्ही टरफलं पिळवटून जातात आणि बिया दूर उडतात. म्हणून उकलायच्या जरा आधी तोडून कागदी पिशवीत घाला आणि पिशवीचं तोंड दुमडून ठेवा. आत दोन-तीन दिवस तडतड चालते. प्लास्टिकची पिशवी नको, बुरशी धरते. एका जागेवरच्या थोड्याच शेंगा घ्या, बाकीच्या राहू द्या. बॉबव्हाइट लाव्यांचं हिवाळ्यातलं ते मोठं खाणं आहे, आणि वर्षायू झाडाला पुढच्या वर्षासाठी बियांखेरीज काही नसतं.

पेरायचं शरद ऋतूत, थंडी पडल्यावर. बियांचं कवच टणक असतं, हिवाळ्याच्या गोठण्या-वितळण्याने ते मऊ पडतं. वसंतातच पेरायचं असेल तर दोन पॉलिशपेपरांत घालून हलकेच घासा. वरचं गवत खरवडून माती उघडी करा, बी टाका, पायाने दाबा. खोल पुरू नका, आणि खतबित काही घालू नका, नाहीतर तणच माजेल.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नुसती पिवळी चादर होईल आणि तुम्ही खूश व्हाल. बरोबर बहुवर्षायू झाडं लावली असतील तर पुढे त्यांची मुळं पसरतील आणि हे हळूहळू कमी होत जाईल. तेव्हा इथे येऊन "माझं पार्ट्रिज पी का मेलं" असा धागा काढू नका. जागा कायम याचीच ठेवायची असेल तर दरवर्षी थोडी माती उकरून द्यावी लागेल.

कॅन्ससकर

विकतच्या बियांबद्दल: घ्या, पण बी कुठलं ते विचारून घ्या, शक्यतो तुमच्याच भागातलं. हा नुसता सोवळेपणा नाही. याच झाडावर मिनेसोटा, कॅन्सस आणि ओक्लाहोमा इथल्या बियांचा प्रयोग झालाय, २००१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. हवामान बदलतंय त्या वेगाने झाड बदलू शकेल का, हा प्रश्न होता. उत्तरेकडची झाडं दक्षिणेत लावली तर त्यांना बी खूपच कमी धरलं. म्हणजे नाव एकच असलं तरी प्रत्येक ठिकाणचं झाड तिथल्या हवेला मुरलेलं असतं. माझ्या कॅन्ससचं बी तुम्हाला पाठवतो म्हणणार होतो, पण नकोच.

उंटावरचा_शहाणा

आज हायवेवर गाडी थांबवून पर्णिका मोजल्या. पाच निघाल्या. म्हणजे माझं ट्रेफॉइल निदान माझ्या हायवेवर तरी बरोबर आहे.

गवत्या

शाबास. पण हायवेवर गाडी थांबवू नका, दंड होईल.

माळावरची

रस्ता काउंटीकडे आहे असं कळलं. त्यांना ईमेल केलीय, बी वेचण्याबद्दलही आणि पट्टीवरची गवतकापणी कधी होते याबद्दलही. कारण परवा पाहिलं तर पलीकडच्या टोकाला यंत्र फिरलेलं होतं, हिरव्या शेंगांसकट सगळं सपाट. कापणी ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलता येईल का, असं विचारलंय. चराकाठच्या सेन्नाच्या शेंगा अजून कोवळ्या आहेत, कप्पे दिसायला लागले की फोटो टाकते.